दिगू, किल्ल्या खिळ्यालाच राहिल्या

दिगू, तुझ्या घराच्या हिशेबी तू अजून घरातच आहेस.

तेरवी झाली, पाहुणे पांगले, मांडवाचे बांबूही गेले. पण अकोल्याच्या तुझ्या घरात दिवेलागण झाली की तुझ्या खोलीतला दिवा आपोआप लागतो. पंखा हळूहळू फिरायला लागतो. टेबलावरचा तो मान वाकडी झालेला लॅम्प रिकाम्या खुर्चीवर उजेड टाकत बसतो. आणि मंदावहिनी हातातलं काम टाकून पाहायला जातात.

"मले मालूम असते नीलूताई, तिथं कोनी नाई म्हनून," त्या मला फोनवर म्हणाल्या. "पन दिवा लागला की माह्यानं बसवत नाई."

तुझ्या घराला माणूस कळत नाही, माणसाच्या किल्ल्यांना अडकवलेली चकती कळते. हे तूच ठरवलं होतंस. चकती घरात, तर दिगांबर घरात. त्या सकाळी शेजाऱ्यांच्या गाडीत घालून तुला दवाखान्यात नेलं, तेव्हा किल्ल्या घ्यायचं कोणाला सुचणार होतं? त्या खिळ्यालाच राहिल्या. दुपारी तुला परत आणलं, संध्याकाळी पुन्हा नेलं, आणि या सगळ्याचा तुझ्या घराला पत्ताच नाही. मी तुला किती वेळा सांगितलं होतं, बाबा रे, माणूस म्हणजे त्याची किल्ली नव्हे. तू म्हणायचास, "अकोल्याचा मानूस गाडीच्या चाबीबिगर घराबाहीर पाय टाकते काय?" टाकला ना शेवटी? तुझ्याशी भांडायची सवय इतकी जुनी आहे की तू गेल्यावरही पहिला राग तुझाच येतो. रडू त्याच्या मागून येतं.

आपल्या कॉलेजातल्या शोकसभेत तुझ्याबद्दल बरंच बोलले. 'व्यासंगी', 'विद्यार्थिप्रिय', 'संगणकक्षेत्रातलं नाव'. तू शेवटच्या रांगेत बसून माझ्याकडे पाहत भुवया उडवल्या असत्यास. आपण दोघांनी आयुष्यभर नेमकं काय केलं, हे त्यातल्या कोणालाही सांगता आलं नाही. त्यांचाही दोष नाही. माझे वडील राजापेठेत पत्रिका मांडायचे. माझ्या टेबलावरची चौकोनांची चित्रं पाहून ते आईला म्हणाले होते, "हिला इंजिनीअर केलं, पण पोरगी शेवटी घरंच मांडत बसली." तुला हे सांगितलं तेव्हा तू बडनेऱ्याच्या पुलावर माझी स्कूटर थांबवायला लावून हसला होतास.

आपलं काम होतं लिहिण्याचं. ज्या यंत्राला बटण असतं, त्याचं लिहिणं सोपं. बटण दाबलं, हे झालं. पण यंत्र भिंतीत शिरलं, दिव्यात, पंख्यात, दाराच्या चौकटीत शिरलं, की बटणच राहत नाही. माणूस फक्त येतो, बसतो, उठतो, सुस्कारा टाकतो, आणि खोलीला त्यातून काहीतरी समजून घ्यावं लागतं. अशी खोली काय करणार आणि काय करणार नाही, हे आधी कागदावर उतरवायला हवं, आणि ते वाचून वायरमनला आणि घरच्या बाईला एकच गोष्ट कळायला हवी. त्यासाठी खुणा हव्यात. आपण त्या खुणा तयार केल्या. गोल म्हणजे माणूस, चौकोन म्हणजे घर, एका स्थितीतून दुसरीत जाणारा बाण, आणि प्रत्येक बाणावर करणाऱ्याचं नाव. त्या नावावर तुझा फार जीव. पोरांनी फळ्यावर नाव न घालता बाण काढला की तू मागून ओरडायचास, "बाण आला बाप्पा, पन कोन करते?" पुढे पोरं कॅन्टीनमध्ये समोशांवरून भांडतानासुद्धा तेच विचारायची.

वरूडचं आठवतं? संत्र्यांच्या त्या पॅकिंग शेडमध्ये आपण सरकत्या पट्ट्यावर कॅमेऱ्याचा डोळा बसवला होता. बायकांचे हात पट्ट्यावर दिसेनासे झाले की पट्टा थांबायचा. कागदावर सगळं चोख होतं. आठवड्याभरात मालकाचा फोन आला, पट्टा कधीही थांबतो, मशीन नादुरुस्त दिसते. आपण जाऊन बसलो. तू एक संत्रं सोलून निवांत खात होतास आणि बायकांकडे पाहत होतास. मधेच एका बाईनं केस बांधायला हात वर घेतले, तिनं शेजारणीकडे पाहिलं, शेजारणीनं हात मांडीवर ठेवले, आणि ओळीनं सगळ्यांनी. पट्टा थांबला. बायका पदरानं वारा घेत बसल्या. मालक म्हणाला, "पाहा, पुन्हा बिघडली." तू खिशातून पेन काढलंस, आपल्या कागदावरच्या त्या बाणावर लिहिलेलं 'पट्टा' खोडलंस आणि तिथं 'बायका' लिहिलंस. "मशीन ठीक हाये शेठ. तिले वाटून राहिलं का आपनच थांबलो. थांबवते ह्या बाया. चाहाची येळ झाली, तेवढं मंगवा."

परतीच्या वाटेवर मी म्हटलं की मग हात मांडीवर ठेवण्यालाही खूण हवी. काही न करणं हेही करणंच आहे. तू टाळी दिलीस. आपलं इतकं बिनभांडणाचं एकमत पुन्हा फारसं झालं नाही.

कारण त्यानंतर शेवटाच्या खुणेचं प्रकरण सुरू झालं. माझं म्हणणं साधं होतं. प्रत्येक आकृतीला शेवट हवा. गोलाभोवती आणखी एक गोल काढायचा. माणूस तिथं पोचला की घरानं त्याचा विचार सोडावा. तू ही खूण आपल्या यादीत येऊच दिली नाहीस. "हे मशीनले ठीक हाये. घराले शेवट नाई लागत." मी विचारलं, काहून? तुझ्याशी भांडताना माझ्याही तोंडात वऱ्हाडी यायची, आणि तेवढ्यानंच तू अर्धी लढाई जिंकल्यासारखा हसायचास.

"आपल्याकडे घरातून निंगतानी कोनी 'जातो' म्हनते काय? 'येतो' म्हनते. मंग बाहीर गेलेल्या मानसाची एकच खूण. येनार."

"आणि नाही आला तर?"

"तं घरानं वाट पाहाव. घराले दुसरं काम काय असते?"

हे भांडण बडनेरा स्टेशनवर व्हायचं. तुझं अकोल्याहून रोजचं अप-डाऊन, आणि संध्याकाळी मी तुला स्कूटरनं सोडायला यायची. मी तुला पाहुण्यांचे दाखले दिले, भाडेकरूंचे दिले, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे दिले. तू हट्टाला पेटलेला. चहावाल्यालाही आपला विषय पाठ झाला होता. तो कप पुढे करताना विचारायचा, "मॅडम, झाला का शेवट?" मग गाडी यायची. तू डब्याच्या दारात उभा राहून, सगळ्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचास, "येतो वं नीलू!" तो निरोप नव्हता, मुद्दा होता. रोज शेवटचा शब्द तुझा, कारण माझं उत्तर ऐकायला गाडी थांबत नव्हती.

शेवटच्या दिवशीही तू तसाच ओरडलास. मी हात उडवला आणि वळले. तुझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही, कारण पाहण्यासारखं काय होतं, रोजचंच तर होतं.

तुझं घर हे तू तुझ्या मुद्द्यावर बांधलेलं. भिंतीवर बसवलेली तुझी एक डबी, आणि तिच्यात दोनच स्थिती. चकती आत असली तर 'घरात'. मग दिवेलागणीला खोलीतला दिवा. चकती बाहेर गेली तर 'येणार'. मग दारापुढच्या ओट्यावरचा दिवा, तू परत येईपर्यंत जळत राहणारा. तिसरं काही नाही. ती आकृती तू कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीस आणि पेढे वाटलेस. मी कौतुक केलं, कारण काम सुरेख होतं. एकट्या वहिनीच रुसल्या होत्या. "दिवेलागणीले दिवा मी लावत आली," त्या म्हणाल्या. "आता तुमची डबी काहून लावते? मी काय करू मंग?" तू म्हणालास, "तू बस ना आरामात." त्या उठून आत गेल्या. तुला वाटलं, पटलं.

आता तुला जे सांगायचं आहे ते सांगते. त्याच्यासाठीच हे लिहायला बसले.

तुला पोचवून मंडळी परत आली. दारात कडुनिंबाचा पाला चावून झाला, बायका एकेक करून उठल्या. मला गाडी गाठायची होती. मी वहिनींचा हात सोडला, दाराशी आले, आणि सवयीनं तोंड उघडलं. तुझ्या आतेनं डोळ्यांनीच मला गप्प केलं. आणि मला आठवलं. सुतकाच्या घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं. घरानंही 'या' म्हणायचं नसतं. माणूस नुसता उठतो, चपला घालतो आणि चालायला लागतो. मी तशीच निघाले. गाडीत बसले. बोरगाव मागे पडलं, मूर्तिजापूर आलं, आणि एकदम माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दिगू, सापडलं! असं एक निघणं आपल्याकडे आहे, ज्यात कोणी 'येतो' म्हणत नाही. आपल्याच लोकांनी त्याची खूण करून ठेवली आहे, बोलायचं नाही हीच ती खूण, वरूडच्या बायकांच्या मांडीवरच्या हातांसारखी. तुझा सगळा मुद्दा त्याच्यापुढे आडवा. इतक्या वर्षांत मला सुचलेलं पहिलं बिनतोड उत्तर.

मी फोन काढला. तुझं नाव काढलं. बोट नावावर होतं.

बडनेऱ्याला उतरले तेव्हा तो चहावाला समोर आला आणि काही न विचारता कप पुढे केला. त्याला कोणीतरी सांगितलं असावं. मी प्लॅटफॉर्मवर चारचौघांत, लाज सोडून रडले. भांडण जिंकल्याचं इतकं वाईट मला कधी वाटेल असं वाटलं नव्हतं. तूच जिंकलास, मला शेवट नको, असंही म्हणून झालं. पण कोणाला म्हणणार?

म्हणून वहिनींचा फोन आला तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. तुझ्या लेकीनं बंगलोरहून सांगितलं होतं की चकतीतला सेल काढून टाका. वहिनींनी त्याच्याही पुढे जाऊन पाहिलं होतं. एका संध्याकाळी किल्ल्या शेजारी नेऊन ठेवल्या. खोलीतला दिवा लागला नाही, पण ओट्यावरचा लागला, आणि लागलेलाच राहिला. तुझ्या आकृतीप्रमाणे तू बाहेर गेला होतास आणि येणार होतास.

"ते तं याहून वाईट," वहिनी म्हणाल्या. "सारी गल्ली पाह्यते. सकाळी दूधवाला इचारते, साहेब यायचे हाये काय?"

मी अकोल्याला गेले. म्हटलं, वहिनी, सगळी डबीच काढून टाकते. वायर ओढली की संपलं. त्या पटकन मधे आल्या. पाण्याची मोटर त्याच डबीवर, गॅसचा भोंगा त्याच डबीवर, पण कारण ते नव्हतं. "डबी नका काढू. तेवढं एक त्याईच्या हातचं हाये घरात," त्या म्हणाल्या. "फक्त त्याईले जाऊ द्या."

तर आता काय ते समजलास. हे काम माझ्यावर आलं. तुला घरातून जाऊ देण्याचं.

'आधी कागद, मग वायर' हा तुझा नियम. मी कपाट उघडलं. तुझं ते तिरपं अक्षर, पेन्सिलीच्या बाणांना आलेली चमक. 'घरात' आणि 'येणार', आणि त्यांच्या मधून जाणारे-येणारे तुझे दोन बाण, दोन्हींवर तुझंच नाव. मी उजवीकडच्या मोकळ्या जागेत गोल काढला. त्याच्याभोवती दुसरा गोल काढला. 'घरात'पासून तिथपर्यंत बाण ओढला. आणि थांबले.

कोण करतं?

तुझं नाव लिहिता येईना. तू केलेलं नाहीस हे. तू तर दवाखान्यातून दुपारपर्यंत परत यायच्या हिशेबानं निघाला होतास. गाडीत बसताना वहिनींना 'भाजीले फोडनी देऊन ठेव' म्हणालास म्हणे. घराचं नाव लिहावं तर घराला काही ठाऊकच नाही. आणि जे खरोखर तुला घेऊन गेलं, त्याला आपल्या खुणांमध्ये आकारच नाही. ते गोलही नाही आणि चौकोनही नाही. मी पेन्सिल धरून तशीच उभी राहिले. तू असतास तर मागून ओरडला असतास आणि मला ते हवं होतं, दिगू, तुझं ते ओरडणं मला त्या क्षणी फार हवं होतं.

वहिनी मागे येऊन उभ्या होत्या. "काय अडलं?"

मी सांगितलं. बाणावर नाव लागतं, आणि नाव सापडत नाही.

त्यांनी बाणावरच्या तुझ्या नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "माह्यं लिवा."

"तुमचं?" मी विचारलं.

"रोज ते निंगत तवा मी दारात उभी राहो. ते 'येतो' म्हनत, मी 'बरं, या' म्हनो. लगन झाल्यापासून एक दिवस चुकला नाई. त्या दिवशी ह्यानं उचललं, त्यानं धरलं, मले आतच बसवून ठेवलं बायांनी. मी दारात आलीच नाई." त्यांनी पदर तोंडाशी नेला आणि पुन्हा खाली घेतला. "माह्यं राहिलं ते काम. माह्यंच नाव लिवा."

मी लिहिलं. बाणावर, बारीक अक्षरात. मंदा.

मग वायर. चकती वहिनींनी स्वतःच्या हातानं डबीला टेकवायची, म्हणजे घरानं समजायचं, एवढंच मी त्यात घातलं. त्यांनी खिळ्यावरच्या किल्ल्या काढल्या. गाडीची, शेतावरच्या खोलीची, कॉलेजच्या कपाटाची, आणि ती चकती. त्या दारात गेल्या, उंबऱ्याशी उभ्या राहिल्या आणि रस्त्याकडे पाहिलं, तू वळणावरून दिसेनासा होईपर्यंत पाहत असत तेवढा वेळ. मी मागे होते, त्यामुळे चेहरा दिसला नाही. "बरं," त्या म्हणाल्या. रोजचं 'या' त्यांनी म्हटलं नाही. मग आत येऊन चकती डबीला टेकवली.

दिवेलागण झाली तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात चहा घेऊन बसलो होतो. तुझी खोली अंधारीच राहिली. ओट्यावरही अंधार. पंख्याचा आवाज आला नाही. माझं काम अगदी बरोबर झालं होतं आणि मला वाटत होतं की तुला घराबाहेर काढलं ते मी. इतकी वर्षं ज्या खुणेसाठी तुझ्याशी भांडले, ती खूण ही अशी दिसते हे मला माहीत नव्हतं. दिगू, तू मला ती काढू देत नव्हतास, त्यात तुझं काय चुकत होतं? मी वहिनींकडे पाहायचं टाळत होते.

त्या उठल्या. आत गेल्या. आणि तुझ्या खोलीत दिवा लागला.

चुकलं काहीतरी, एखादा बाण राहिला, म्हणत मी धावत गेले. वहिनी दाराजवळच्या जुन्या बटणाशी उभ्या होत्या. तुझ्या डबीच्या आधीचं, पिवळं पडलेलं बटण. बोट अजून त्याच्यावरच होतं.

"बिघडलं नाई, नीलूताई," त्या म्हणाल्या. "मी लावला."

मग त्या देवापाशी निरांजन लावायला गेल्या, आणि मला गाडीची वेळ झाली. चपला घालून मी उंबऱ्याशी आले. तेरवी होऊन गेली होती, आता म्हणायला हरकत नव्हती.

"येते," मी म्हटलं.

"बरं," वहिनी दारात येऊन म्हणाल्या, "या."